आपला इम्तिहान, त्यांचा अजाब

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. डोंगरउतारावरची घरे रांगेने जळत होती. ताडाच्या झाडांचे शेंडे मशालीसारखे पेटले होते आणि रस्त्यात सोडून दिलेल्या मोटारींवर ठिणग्यांचा पाऊस पडत होता. त्यावर उर्दूतून एक भारदस्त आवाज सांगत होता की खुदाची लाठी बेआवाज असते. आग लॉस एंजेलिसची होती. त्या वेळी गाझावर पंधरा महिने बॉम्ब पडत होते आणि त्यातले कितीतरी अमेरिकेने पुरवलेले होते. चित्रफीत पाहून माझ्या छातीवरचे ओझे क्षणभर हलके झाले. मी ती आमच्या शिक्षकांच्या गटावर पुढे पाठवली आणि खाली 'सुबहानल्लाह' असे लिहिले. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

दोन-तीन दिवसांनी आठवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. ही चित्रफीत मुलांच्या घरीही पोचली होतीच. ती म्हणाली, "टीचर, उसी आग में मस्जिद भी जली ना? अब्बा ने अखबार में पढा. फिर मस्जिद पर अजाब क्यूं आया?"

मी तिला म्हटले, "कल बताती हूं." शिक्षकाच्या तोंडचे 'कल' हे वाक्य मुले बरोबर ओळखतात. ती गप्प बसली.

घरी येऊन मी शोध घेतला. बातमी खरी होती. ७ जानेवारीच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या अल्टाडेना या वस्तीजवळ आग लागली आणि रात्रभरात वस्तीत घुसली. त्यात मस्जिद अल-तक्वा जळून गेली. आफ्रिकी-अमेरिकी मुसलमानांनी उभी केलेली ही मशीद अनेक दशके तिथे नांदत होती. त्याच आगीत शेजारच्या पॅसाडेनातले ज्यूंचे प्रार्थनामंदिर जळाले, अल्टाडेनातली चर्चही जळाली. समुद्राकडच्या पॅलिसेड्सची आग वेगळी; श्रीमंतांचे बंगले तिकडचे. अल्टाडेना ही अशी वस्ती होती की जिथे, एके काळी इतरत्र घर घेऊ न दिलेल्या काळ्या लोकांनी पै-पै जोडून घरे घेतली होती. दोन्ही आगींत मिळून १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि ३१ माणसे मेली. त्यातली १९ अल्टाडेनाच्या आगीतली.

मी 'सुबहानल्लाह' लिहिले होते ते याच्यावर.

आता प्रश्न फक्त माझ्या एका चुकीचा उरत नाही. आपल्या बोलण्याची एक सवयच आहे. आपल्यावर संकट आले की आपण म्हणतो, हा अल्लाहने घेतलेला इम्तिहान आहे. तेच संकट दुसऱ्यावर आले की आपल्याला तो अजाब दिसतो. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामीने इंडोनेशियाचा आचे प्रांत धुऊन नेला. २०२२ च्या पुरात पाकिस्तानातले सव्वातीन कोटींच्या वर लोक सापडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. या तिन्ही वेळी आपण सब्राचे बोललो. दुसऱ्या कोणी यांना अजाब म्हटले असते तर आपल्या काळजाला घरे पडली असती. दूर कशाला, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा त्या पाण्याने कुणाचा धर्म विचारला नव्हता. तेव्हा चिखल उपसायला, भाकरी पोचवायला माणसे धावली. पाप कुणाचे, हा हिशेब तेव्हा कुणी मांडत बसले नाही. मग सात समुद्रांपलीकडच्या माणसाबाबत तो हिशेब मांडण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळाला?

हा प्रश्न सोडवायचा तर आधी ती आग कशी लागते हे पाहायला हवे. मी पाहिले. जे कळले ते मला अजाबाच्या कल्पनेपेक्षा जास्त भीतिदायक वाटले.

कॅलिफोर्नियाचे ऋतू आपल्या उलट आहेत. आपल्याकडे उन्हाळा तापतो आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस येतो. तिथे पाऊस हिवाळ्यातला. मे ते ऑक्टोबर बहुतेक भागांत आकाश कोरडे. उन्हाळ्यातले पाणी येते ते सिएरा नेवाडा या पर्वतावरच्या बर्फातून. राज्याच्या गरजेचे सुमारे तीस टक्के पाणी या बर्फात साठलेले असते. भिंती नसलेले धरणच ते. त्याची चावी उन्हाच्या हाती. ऊन बेताने वाढले तर बर्फ हळूहळू वितळतो, नद्या भरून वाहतात आणि शेते भिजतात. ऊन एकदम तापले तर तोच बर्फ पूर होऊन खाली येतो. आणि बर्फ लवकर वितळून संपला तर रान महिना-महिना आधीच सुकते आणि वणव्याचे दिवस वाढतात. पूर आणि वणवा आपल्याला एकमेकांचे वैरी वाटतात. तिथे ती एकाच उन्हाची दोन लेकरे आहेत.

२०२३ मध्ये हे स्पष्ट दिसले. त्या हिवाळ्यात एवढा बर्फ पडला की एप्रिलच्या सुरुवातीच्या मोजणीत तो सरासरीच्या २३७ टक्के भरला. दक्षिणेकडच्या डोंगरांत तर तिप्पट. मार्चच्या वादळी पावसाने आणि पुढे उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाने दरीतले तुलारे सरोवर पुन्हा उगवले. 'पुन्हा' हा शब्द महत्त्वाचा आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला गोड्या पाण्याचे याच्याएवढे मोठे सरोवर दुसरे नव्हते. योकुट्स या आदिवासींची घरेदारे त्याच्या काठी होती. गोऱ्या जमीनदारांनी त्याला मिळणाऱ्या नद्या वळवल्या, तळ कोरडा केला आणि तिथे कापूस पिकवला. पुढे जमिनीखालचे पाणी इतके उपसले की आसपासची जमीन खचत गेली. खचलेल्या जमिनीवर पाणी आले तर ते जाणार कुठे? २०२३ च्या उन्हाळ्यात एक लाख एकराहून अधिक जमीन पाण्याखाली गेली.

त्या पाण्याच्या वाटेवर अॅलन्सवर्थ नावाचे एक छोटे गाव आहे. गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे सैन्यात मोठ्या पदावर पोचलेल्या कर्नल अॅलन अॅलन्सवर्थ यांनी १९०८ मध्ये ते वसवले. काळ्या लोकांनी स्वतःचा कारभार स्वतः करावा म्हणून. त्या मार्चमध्ये गावकरी वाळूची पोती रचत पाणी अडवण्यासाठी झगडत होते. सरोवर त्यांनी आटवले नव्हते. कापसाचे पैसेही त्यांच्या खिशात गेले नव्हते.

आता वणव्याकडे येऊ. लॉस एंजेलिसच्या भागातही लागोपाठ दोन हिवाळे भरपूर पाऊस झाला. डोंगरांवर गवत आणि झुडपे माजली. मग जुलै २०२४ आला, तो राज्याच्या नोंदींतला सर्वांत उष्ण महिना ठरला. त्यानंतर हिवाळ्याचा पाऊस आलाच नाही. मे २०२४ च्या सुरुवातीपासून जानेवारीच्या आगीपर्यंत, आठ महिन्यांत, शहराच्या मध्यभागी अवघा चार मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे आधी पाण्याने सरपण वाढवले, मग उन्हाने ते वाळवले. मग वाळवंटाकडून डोंगर उतरून येणारा कोरडा वारा सुटला. तिकडे त्याला सांता आना म्हणतात. त्या रात्री त्याचे झोत ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर गेले होते. अशा वाऱ्यात ठिणगी कुठली, हा प्रश्न जवळजवळ गौण ठरतो.

पण ठिणगीचाही हिशेब असतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातच पॅराडाइज नावाचे गाव जळाले. पॅराडाइज म्हणजे जन्नत. ८५ माणसे मेली. तपासात निघाले की वीज कंपनीच्या मनोऱ्यावरचा, जवळजवळ शंभर वर्षांचा एक लोखंडी आकडा झिजून तुटला आणि तारेची ठिणगी सुक्या गवतावर पडली. जून २०२० मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या प्रमुखाने न्यायालयात उभे राहून सदोष मनुष्यवधाच्या ८४ आरोपांवर गुन्हा कबूल केला. एकेका मृताचे नाव वाचले जाई आणि तो प्रत्येक वेळी म्हणे, गुन्हा कबूल. ८४ वेळा.

हे वाचताना मी थांबले. पॅराडाइज जळाले त्या दिवशी कोणीतरी कुठेतरी 'अल्लाहची लाठी' म्हणून मोकळे झाले असेलच. तेवढ्यावर सगळे थांबले असते तर तो झिजलेला आकडा कुणी शोधला असता? ज्याला आपण अजाब म्हणून टाकतो त्याची चौकशी आपण करत नाही. आरोपीच्या जागी आकाश उभे केले की जमिनीवरचा आरोपी सुटतो. मजलूमांची बाजू घेतो असे समजून आपण जो शब्द वापरतो, त्याचा फायदा जालिमालाच होतो.

आणखी एक गोष्ट. तिथल्या युरोक, कारुक यांच्यासारख्या आदिवासींना आग नवी नव्हती. ते योग्य ऋतूत, योग्य वाऱ्यात रानाला लहान लहान आगी लावत, म्हणजे पाचोळा साचत नसे आणि मोठा वणवा पेटत नसे. तिथल्या प्रचंड सिकोया वृक्षांची बोंडे तर आगीच्या उबेने उघडतात आणि बी जमिनीवर पडते. १८५० मध्ये राज्याने आदिवासींच्या अशा आगी लावण्यावर कायद्याने बंदी आणली. १९३५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने नियम केला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. शंभर वर्षे लहान आगी विझवत गेल्याने रानात मोठ्या आगीचे सरपण साठत गेले. सूरह रूममध्ये जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या बिघाडाचा संबंध माणसाच्या स्वतःच्या करणीशी जोडला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या आयतीचा अर्थ मला या जंगलात जितका कळला तितका आधी कधी कळला नव्हता. मात्र एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. करणी ज्याची, भोग त्यालाच, असे इथे दिसत नाही. सरोवर आटवणारा एक, बुडणारा दुसरा. आकडा न बदलणारा एक, जळणारा दुसरा. शिक्षा म्हणजे न्याय असेल तर हा न्याय कसा म्हणायचा?

हे मी स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी नाराज झाले. ते नेक आणि अभ्यासू गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाजी, कौमे आद, कौमे समूद विसरलात? नूह अलैहिस्सलामचे तूफान विसरलात? आणि मजलूमाची आह थेट अर्शापर्यंत जाते, त्यावर तरी ईमान आहे ना?"

त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आद वाऱ्याने गेले, नूहची कौम पाण्याने गेली, हे आपण मानतो. पण तिथे हा अजाब आहे असे सांगणारा अल्लाह स्वतः आहे, आणि आधी इशारा देणारा पैगंबर आहे. आपल्यापाशी असा कुठला संदेश आला आहे? आपल्यापाशी आहे ती मोबाईलवरची एक चित्रफीत. मजलूमाची आह अल्लाहपर्यंत पोचते यावर माझा विश्वास आहे. ती पोचल्यावर काय होते, कुठे होते, कधी होते, याचा नकाशा मात्र मला कुणी दिलेला नाही. गाझातल्या आईचा तळतळाट खरा आहे. त्याचे उत्तर म्हणून अल्टाडेनातल्या एका म्हातारीचे घर जळाले, असे मी ठरवले तर मी अल्लाहच्या न्यायाबद्दल काय बोलते आहे याचा मला विचार करावा लागेल. शिवाय अल्टाडेनाचे घर जळाल्याने गाझात एक वीटही परत उभी राहिली नाही. माझे मन तेवढे हलके झाले. आणि हलके झाले म्हणून गाझासाठी जे थोडे करणे मला शक्य होते तेही त्या दिवशी मी केले नाही.

सहकाऱ्यांना मी दोन प्रसंगांची आठवण दिली. दोन्ही त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेचे लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूने सूर्यही काळवंडला. बापाचे दुःख ताजे होते. कुणालाही ते ऐकून बरे वाटले असते. पण पैगंबरांनी (स.) लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या खुणा आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण पाहाल तेव्हा नमाज पढा. आपल्या स्वतःच्या घरच्या मातमासाठीही त्यांनी आकाशाची साक्ष काढू दिली नाही. मग आपण आपल्या रागासाठी ती कशी काढतो?

दुसरा प्रसंग हिजरी १८ मधल्या अमवासच्या प्लेगचा. शाममध्ये साथ आहे हे कळल्यावर हजरत उमर (र.) वाटेतूनच मागे फिरले. हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? उमर यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच आपण जात आहोत. पुढे अबू उबैदा त्याच साथीत वारले. ज्यांना हयातीतच जन्नतची खुशखबर मिळाली होती, त्यांच्यापैकी ते एक. साथ हा गुन्हेगारांवरचा अजाब मानला तर त्यांचे काय म्हणणार? आणि उमर यांनी काय केले, तर साथीचा अर्थ लावत बसले नाहीत. बरोबरच्या माणसांचे जीव वाचवले.

सहकारी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इबरत तो लेनी चाहिए ना?" घ्यायलाच हवी. पण इबरत आणि फैसला यांत फरक आहे. इबरत माणूस स्वतःसाठी घेतो. आग पाहून मी माझ्या गाफिलपणाचा विचार केला, माझ्या शाळेच्या जिन्याखाली कोंबलेली जुनी बाके आणि कागदांचे गठ्ठे आठवले, वीजमीटरच्या उघड्या तारा आठवल्या, तर ती इबरत. आग पाहून जळणाऱ्याच्या पापाची यादी केली तर तो फैसला. अजाब हा शब्द माणसाने उच्चारायचाच असेल तर स्वतःकडे बोट करून उच्चारावा. दुसऱ्याकडे बोट करण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याच्याकडेच तो राहू द्यावा. आणि संकटाला इम्तिहान म्हणायचे तर तो फक्त जळणाऱ्याचा नसतो, पाहणाऱ्याचाही असतो. त्या जानेवारीत अल्टाडेनाच्या माणसांचा काय निकाल लागला ते अल्लाह जाणे. माझा निकाल मला माहीत आहे.

त्या आगीत उत्तीर्ण झालेले काही जण मात्र मला दिसले. कॅलिफोर्नियात तुरुंगातल्या कैद्यांनाही आग विझवण्याच्या कामावर पाठवतात. त्या जानेवारीत सुमारे हजार कैदी या आगींशी लढत होते. तेव्हा त्यांना दिवसाला पाच ते दहा डॉलर मिळत आणि प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला एक डॉलर जादा. ज्यांच्यावर न्यायालयाने खरोखरच शिक्षेचा शिक्का मारला होता ती माणसे फावडी घेऊन परक्यांची घरे वाचवत होती. आणि मी, जिच्यावर कुठला शिक्का नाही, खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या शिक्षेवर 'सुबहानल्लाह' लिहीत होते.

गटावर मी नंतर चार ओळी लिहिल्या. चित्रफीत पुढे पाठवण्यात माझी चूक झाली, त्या आगीत एक मशीदही जळाली आहे, आणि मशीद जळाली नसती तरीही माझी चूकच होती, असे. शेवटचे वाक्य लिहायला सर्वांत जड गेले. दोघांनी अंगठा दाखवला, बाकी शांतता. माफीची चित्रफितीइतकी पुढे-पुढे पाठवापाठवी होत नाही.

वर्गात त्या मुलीला उत्तर द्यायचे राहिले होते. फळ्यावर मी डोंगर, बर्फ, दरी आणि समुद्र काढले. हिवाळ्याचा पाऊस सांगितला, वाढलेले गवत आणि त्यावरचे ऊन सांगितले. मग डोंगरावरून वस्तीकडे येणाऱ्या वाऱ्याचा बाण काढला आणि म्हटले, "बेटा, मस्जिद इसलिए जली कि हवा उस तरफ थी. चर्च भी उसी हवा में जले."

तिने चित्र वहीत उतरवून घेतले. मग पुन्हा हात वर केला. "टीचर, हवा आनेवाली है ये मालूम था ना? फिर नीचेवालों को किसी ने बताया क्यूं नहीं?"

मी तपासले होते, म्हणून या वेळी 'कल' म्हणावे लागले नाही. अल्टाडेनाच्या पूर्व भागाला घरे सोडण्याचा आदेश संध्याकाळीच गेला. पश्चिम भागात, जिथे काळ्या लोकांची जुनी घरे होती, तो पोचायला कित्येक तास उशीर झाला. मृतांपैकी जवळजवळ सगळे त्या पश्चिम भागातले. मी हे सांगितले तेव्हा वर्ग गप्प होता. तिचा हा प्रश्न चित्रफीत पाहताना मला सुचला नव्हता. तेव्हा माझ्याजवळ उत्तर आधीच तयार होते.